निष्ठा नेमकी कोणाशी?

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील डॅलस शहरात बास्केटबॉलच्या भव्य क्रीडागृहाबाहेर डर्क नोव्हिट्स्की या जर्मन खेळाडूचा पुतळा उभा आहे. एका पायावर तोल सावरून, मागे झुकत चेंडू फेकण्याची त्यांची सुप्रसिद्ध लकब शिल्पकाराने त्यात पकडली आहे. निष्ठा कधीही कोमेजत नाही, अशा आशयाचे शब्द त्या शिल्पाखाली कोरलेले आहेत. २०२२ च्या नाताळात पुतळ्याचे अनावरण झाले. एकाच संघाकडून एकवीस हंगाम खेळलेल्या माणसाला त्या शहराने दिलेली ती मानवंदना होती.

त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ च्या आरंभी, याच डॅलस मॅव्हरिक्स संघाने आपला सर्वांत गुणी खेळाडू लुका डॉन्चिच यांना लॉस एंजेलिस लेकर्स संघाच्या हवाली केले. डॉन्चिच तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. आदल्याच हंगामात त्यांनी संघाला अंतिम मालिकेपर्यंत नेले होते. संघ सोडण्याची मागणी त्यांनी केलेली नव्हती. बातमी फुटताच संतप्त चाहते क्रीडागृहाबाहेर जमले. अनेकांची पावले नोव्हिट्स्कींच्या पुतळ्याकडे वळली. पुढे लेकर्सच्या वेशात डॉन्चिच पहिला सामना खेळले, तेव्हा प्रेक्षकांत स्वतः नोव्हिट्स्की बसलेले होते. निष्ठेचे स्मारक ज्यांच्या नावाने उभे राहिले, ते आपल्या तरुण सहकाऱ्यामागोमाग परक्या संघाच्या अंगणात गेले होते.

श्रेष्ठ खेळाडूने आयुष्यभर एकाच संघाशी एकनिष्ठ राहावे काय, हा प्रश्न अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेत, म्हणजे एनबीएमध्ये, वर्षानुवर्षे वादाचा आहे. या वादात आरोपीच्या पिंजऱ्यात बहुधा खेळाडूच उभा केला जातो. डॅलसच्या घटनेने तो प्रश्न उलटा करून दाखवला. निष्ठेची चर्चा करावयाची, तर ती कोणी कोणाशी राखावयाची, हे प्रथम ठरवावे लागते.

मुळात खेळाडू आपला संघ स्वतः निवडतच नाही. दरवर्षी उन्हाळ्यात ‘ड्राफ्ट’ नावाचा निवडसोहळा होतो. नवोदित खेळाडूंमधून संघ आळीपाळीने आपली निवड करतात आणि दुबळ्या संघांना आधी निवडण्याची अधिक संधी मिळते. २०१५ मध्ये पंजाबातील सतनाम सिंग यांची निवड डॅलसने याच पद्धतीने केली. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. खेळाडूने कोणत्या गावी जावयाचे, कोणत्या रंगाची जर्सी घालावयाची, हे त्याच्यासाठी दुसरेच कोणी ठरवते. जुन्या काळी वडीलधाऱ्यांनी स्थळ पाहावे, सुपारी फोडावी आणि वधूवरांनी पुढचे निभावून न्यावे, तसाच हा प्रकार आहे. अशा संसारातही माया जडते, ती पुष्कळदा खोलही असते. परंतु आरंभी तिचे वचन कोणी दिलेले नसते, हे विसरता येत नाही.

पूर्वी तर हे बंधन याहून कडक होते. करार संपला तरी खेळाडूवरील संघाचा हक्क संपत नसे. दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याची मुभा नव्हती. मात्र संघाला त्याला विकण्याची वा बदलून देण्याची पूर्ण मोकळीक होती. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० मध्ये या व्यवस्थेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. तडजोड होण्यास १९७६ साल उजाडले. तोवर रॉबर्टसन खेळातून निवृत्त झाले होते. ज्या झाडाला त्यांनी पाणी घातले, त्याची फळे पुढच्या पिढीने खाल्ली. करार संपलेल्या अनुभवी खेळाडूंना कोणत्याही संघात विनाअट जाण्याची वाट खुली होण्यास १९८८ पर्यंत थांबावे लागले. म्हणून ‘आमच्या वेळचे खेळाडू एका संघात हयात घालवीत’ असे जुने चाहते अभिमानाने सांगतात, तेव्हा त्यात निष्ठा किती आणि नाइलाज किती, हे तपासून पाहावे लागते. दार बाहेरून बंद असेल, तर आत बसून राहणाऱ्याच्या मनाची परीक्षा होत नाही.

त्या काळातील सर्वांत तेजस्वी उदाहरण बिल रसेल यांचे. १९५६ ते १९६९ या तेरा हंगामांत ते केवळ बॉस्टन सेल्टिक्सकडून खेळले आणि संघाने त्यांपैकी अकरा वेळा विजेतेपद पटकावले. वरवर पाहता याहून सुंदर निष्ठाकथा नाही. परंतु त्याच काळात कृष्णवर्णीय म्हणून त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला अपमान सोसावे लागले; बॉस्टनजवळच्या त्यांच्या घरात शिरून समाजकंटकांनी नासधूस केली. १९७२ मध्ये त्यांच्या सहा क्रमांकाची जर्सी सन्मानाने निवृत्त करावयाची होती. रसेल यांच्या आग्रहावरून तो सोहळा क्रीडागृहाची दारे प्रेक्षकांसाठी उघडण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांच्या उपस्थितीत पार पडला. जाहीर सोहळ्यास त्यांनी होकार दिला तो १९९९ मध्ये. सहकाऱ्यांवर त्यांचा जीव होता. शहराला तो सहज देऊन टाकण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते.

रसेल यांच्या या वर्तनात आजच्या प्रश्नाची किल्ली सापडते. ‘संघ’ हा शब्द एकवचनी असला, तरी त्यात तीन निरनिराळे घटक सामावलेले असतात. पहिला, संघाचा मालक आणि त्याचे व्यवस्थापन. दुसरा, घाम गाळणारे सहकारी आणि प्रशिक्षक. तिसरा, ते गाव आणि पोराबाळांसह सामन्याला येणारे तेथील चाहते. या तिघांशी असलेले नाते एकाच मापाने मोजता येत नाही. वादाचा बराचसा गोंधळ तिघांना एकत्र गुंडाळल्यामुळे होतो. पहिल्याने करार करावयाचा आणि बेइमानीचा आरोप मात्र तिसऱ्याच्या नावाने करावयाचा, असे वारंवार घडते.

मालकांच्या निष्ठेची कसोटी पाहावयाची, तर सिएटल शहराकडे वळावे लागते. तेथील सुपरसॉनिक्स हा संघ १९६७ पासून खेळत होता. १९७९ मध्ये त्याने विजेतेपदही मिळवले. २००६ मध्ये ओक्लाहोमाच्या व्यावसायिकांनी तो विकत घेतला आणि २००८ मध्ये संघ उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला. एक्केचाळीस वर्षे ज्यांनी तो आपला मानला, त्यांच्या हाती जुन्या जर्सी तेवढ्या उरल्या. त्या शेवटच्या हंगामात केव्हिन ड्युरँट नावाचा नवा खेळाडू सिएटलमध्ये दाखल झालेला होता. तोही संघाबरोबर नव्या गावी गेला. २०१६ मध्ये ज्या गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाकडून पराभव झाला, त्याच संघात ड्युरँट जाऊन मिळाले, तेव्हा ओक्लाहोमात संतापाची लाट उसळली. त्या निर्णयात खिलाडूवृत्ती कमी होती, हा आक्षेप रास्त आहे. परंतु जो संघ स्वतःच दुसऱ्या गावाचा हात सोडून आला होता, त्याने निष्ठेचा पाठ द्यावा, यातील उपरोध लपत नाही.

डिमार डिरोझन यांची कहाणी याहून बोचरी आहे. टोरोंटोसारख्या थंड, परदेशी शहरात राहण्यास अनेक अमेरिकन खेळाडू नाखूश असताना ते नऊ हंगाम तेथे मनापासून खेळले. अन्यत्र जाण्याची संधी असतानाही त्यांनी त्याच संघाशी पुन्हा करार केला. २०१८ मध्ये संघाने त्यांना सॅन अँटोनियोला देऊन कवाय लेनर्ड यांना आणले. डिरोझन यांनी आपली फसवणूक झाल्याची व्यथा उघडपणे बोलून दाखवली. पुढच्याच वर्षी टोरोंटोने आपले पहिले विजेतेपद जिंकले, आणि लेनर्ड एका हंगामानंतर लॉस एंजेलिसला निघून गेले. निष्ठावंताला फळ मिळते, या सुभाषितवजा समजुतीला हा व्यवहार सरळ छेद देतो. व्यवस्थापनाचा हिशेब चुकला नव्हता, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हणूनच ज्या व्यवहारात एक पक्ष हिशेबाने वागतो, त्यात दुसऱ्या पक्षाकडून केवळ भावनेची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

बॉस्टनच्या आयझेया थॉमस यांच्या वाट्याला आलेले दुःख तर अधिकच मोठे. एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीचा मोटार अपघातात मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी बादफेरीचा पहिला सामना होता; ते मैदानात उतरले. मे महिन्यात, बहिणीच्या जन्मदिवशी, त्यांनी एका सामन्यात ५३ गुण मिळवले. कमरेच्या सांध्याचे दुखणे अंगावर काढून ते खेळत राहिले. ऑगस्टमध्ये संघाने त्यांना क्लीव्हलंडला देऊन टाकले. त्या दुखण्यानंतर त्यांची पूर्वीची चमक पुन्हा दिसली नाही.

ही उदाहरणे पाहून निष्ठा हा भाबडेपणा आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण दुसरी बाजू तितकीच खरी आहे.

टिम डंकन हे कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावरचे. लहानपणी ते जलतरणपटू होते. १९८९ च्या वादळात बेटावरचा तरणतलाव उद्ध्वस्त झाला आणि ते बास्केटबॉलकडे वळले. १९९७ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने त्यांची पहिल्या क्रमांकाने निवड केली. निवडीनंतर प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच त्यांना भेटण्यासाठी त्यांच्या बेटावर गेले, त्यांच्याबरोबर समुद्रात पोहले, गप्पा मारल्या. त्या भेटीत जुळलेला स्नेह एकोणीस हंगाम आणि पाच विजेतेपदे टिकला. मात्र तो आपोआप टिकला नाही. २००० मध्ये डंकन ऑर्लँडोला जाण्याच्या अगदी बेतात होते. ते थांबले, यामागे प्रशिक्षकाचा विश्वास होता आणि डेव्हिड रॉबिन्सन यांच्यासारख्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याची रदबदलीही होती. पुढे उतारवयात डंकन यांनी मानधनात मोठी कपात स्वीकारली, जेणेकरून वाचलेल्या पैशात संघाला चांगले सहकारी ठेवता यावेत. तेथे सर्व संघांच्या वेतनखर्चावर मर्यादा असते. त्यामुळे एकाने सोडलेला घास खरोखरच दुसऱ्याच्या ताटात पडू शकतो.

नोव्हिट्स्की यांची वाटचालही सोपी नव्हती. २००६ च्या अंतिम मालिकेत दोन विजयांची आघाडी घेऊनही डॅलस हरले. २००७ मध्ये ते हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरले. पण त्याच वर्षी त्यांचा अग्रमानांकित संघ पहिल्याच बादफेरीत गारद झाला. ‘हा मऊ आहे, याच्याकडून विजेतेपद होणे नाही’ अशी हेटाळणी त्यांनी ऐकली. २०११ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी डॅलसला पहिले विजेतेपद मिळवून दिले. सामना संपताच ते जल्लोषात न थांबता आत निघून गेले. डोळ्यांतील पाणी लोकांसमोर येऊ नये म्हणून. तेरा वर्षे एका गावाबरोबर पराभव पचवल्यावाचून ते अश्रू आले नसते. तयार विजेत्या संघात जाऊन मिळवलेला चषक तितकाच जड असतो. त्याच्यामागची आठवण मात्र तितकी वजनदार नसते.

अशी आठवण चषकावाचूनही लाभते. जॉन स्टॉक्टन युटा जॅझकडून एकोणीस हंगाम खेळले. रेजी मिलर इंडियाना पेसर्सकडून अठरा. दोघांनाही विजेतेपदाने हुलकावणी दिली. त्यांच्या गावांनी त्यांच्यावर केलेले प्रेम त्यामुळे यत्किंचितही उणावले नाही. दुसरीकडे कोबी ब्रायंट यांच्या वीस हंगामांच्या एकनिष्ठेचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: २००७ च्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतः लेकर्स सोडण्याची मागणी केली होती. ती मान्य झाली असती, तर इतिहासाने त्यांना वेगळ्या रांगेत बसवले असते. निष्ठावंत आणि फुटीर यांच्यातील रेषा पुष्कळदा अशी केसाएवढी असते. तिच्या कोणत्या बाजूला माणूस उभा राहिला, यात त्याच्या स्वभावाइतकाच योगायोगाचाही वाटा असतो.

या साऱ्या वादाचे केंद्र ठरलेला खेळाडू म्हणजे लेब्रॉन जेम्स. ते ओहायो राज्यातील अॅक्रनचे. तेथून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या क्लीव्हलंडच्या संघाने २००३ मध्ये त्यांची निवड केली, तेव्हा घरचाच मुलगा घरी आल्याचा आनंद त्या गावाला झाला. सात हंगामांनंतर, ८ जुलै २०१० रोजी, दूरचित्रवाणीवरील खास कार्यक्रमात त्यांनी मायामीला जात असल्याचे जाहीर केले. क्लीव्हलंडमध्ये त्यांच्या जर्सी जाळण्यात आल्या. संघमालकाने त्याच रात्री त्यांच्यावर विश्वासघाताचा ठपका ठेवणारे जाहीर पत्र लिहिले. डिसेंबरमध्ये ते पाहुणे म्हणून तेथे खेळायला आले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली.

मायामीत दोन विजेतेपदे मिळवून २०१४ मध्ये ते क्लीव्हलंडला परतले. २०१६ च्या अंतिम मालिकेत संघ एक विरुद्ध तीन असा पिछाडीवर असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सलग तीन सामने जिंकले. कोणत्याही प्रमुख खेळातील विजेतेपदासाठी बावन्न वर्षे तिष्ठत असलेल्या शहराचा वनवास संपला. दोन वर्षांनी लेब्रॉन पुन्हा क्लीव्हलंड सोडून लॉस एंजेलिसला गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते पाहुण्या संघाकडून तेथे आले, तेव्हा त्याच प्रेक्षागृहाने उभे राहून टाळ्यांच्या कडकडाटात त्यांचे स्वागत केले.

माणूस तोच, गाव तेच आणि सोडून जाणेही तेच. मग पहिल्या वेळी शिव्या आणि दुसऱ्या वेळी टाळ्या का? पहिल्या वेळी गावाची आशा अपुरी होती आणि ती तुटल्याची बातमी त्याला साऱ्या जगासमोर, तमाशा केल्यासारखी ऐकावी लागली. दुसऱ्या वेळी देणे फिटले होते आणि निरोपाचा गाजावाजा नव्हता. सामान्य चाहत्यांची न्यायबुद्धी समजली जाते त्याहून सूक्ष्म असते. खेळाडूने कायम राहावे असा त्यांचा हट्ट नसतो. तो असेपर्यंत त्याने जीव ओतावा, आशा दाखवली असेल तर ती पुरी करण्यासाठी झटावे, आणि जाताना मागे राहणाऱ्यांची मान राखावी, एवढेच ते मागतात.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. एका संघात राहणे हे कोणाही खेळाडूचे कर्तव्य नाही. मालकाशी त्याचे नाते कराराचे असते. करार प्रामाणिकपणे पाळला की ते देणे फिटते. सहकाऱ्यांशी नाते परिश्रमाचे असते. ते प्रत्येक सामन्यात फेडावे लागते. गावाशी असलेले नाते मात्र कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते, म्हणून ते सर्वांत नाजूक. निष्ठा मागून मिळत नाही आणि सक्तीने तर मुळीच मिळत नाही. पॉपोविच यांच्याप्रमाणे जो आधी स्वतः चार पावले चालून जातो, त्यालाच ती लाभण्याचा संभव असतो. ज्याला जाण्याची मोकळीक आहे आणि तरीही जो राहतो, त्याच्या राहण्याला मोल येते. रॉबर्टसन यांच्या लढ्याने खेळाडूंना जाण्याचा हक्क दिला, तेव्हाच त्यांच्या राहण्याला खरा अर्थ आला.

या विवेचनाचा शेवट एका शाळेपाशी व्हावा, हे आजच्या प्रसंगाला साजेसे आहे. १ जुलै २०१८ रोजी लेब्रॉन यांनी ओहायो सोडत असल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला अॅक्रनमध्ये ‘आय प्रॉमिस’ ही शाळा सुरू झाली. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठीची ही सरकारी शाळा, लेब्रॉन यांच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने चालणारी. लहानपणी घरच्या हलाखीमुळे चौथीच्या वर्षी लेब्रॉन स्वतः ८३ दिवस शाळेत जाऊ शकले नव्हते. त्या आठवणीतून ही कल्पना आली. पुढे गणिताच्या निकालांवरून या शाळेवर टीकाही झाली. वचन देणे आणि ते निभावणे यांत अंतर असतेच. परंतु ज्या महिन्यात एका माणसाने संघ सोडला, त्याच महिन्यात त्याने आपल्या गावातील मुलांशी नाते बांधले, ही गोष्ट निष्ठेचा पत्ता नेमका सांगते. तो पत्ता दरवेळी जर्सीवर छापलेला नसतो.

पालकहो, शाळाही मुले स्वतः निवडत नाहीत. ती आईवडील निवडतात. महाराष्ट्रापासून दूर, सभोवती दुसरी भाषा नांदत असताना, मुलांना मराठीतून शिकवण्याचा निर्णय साठ वर्षे येथील घराघरांत घेतला गेला. आणि जगातील हा एकच संघ असा आहे, जो आपल्या प्रत्येक खेळाडूने एक दिवस निघून जावे म्हणूनच मेहनत घेतो. ‘शाळा सोडल्याचा दाखला’ तो स्वतःच्या हाताने, सही-शिक्क्यानिशी देतो. कोणी दुसऱ्या शहरात गेले, कोणी सातासमुद्रापार, कोणाच्या घरात आज दुसरीच भाषा बोलली जाते. त्यांपैकी कोणीही बेइमान नाही. दाखला घेऊन गेलेल्या मुलांपैकी काही जण आज या मांडवात आपली मुले घेऊन बसलेले आहेत, आणि त्यांना येथे येण्याची सक्ती कोणीही केलेली नव्हती.